माइंडफुलनेस उपचार : शरीराचा भोंगा थांबतो कसा?

बोईसर येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन शेवटी घेतले आहेत.

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर थेट इथे आलेले बरेच जण दिसतायत, काहींना आज नाइटला जायचंय. तेव्हा ऐकता ऐकता कुणाचा डोळा लागला तर आम्ही मुळीच वाईट वाटून घेणार नाही. झोप हासुद्धा मनाच्या आरोग्याचाच भाग आहे.

आजचा विषय माइंडफुलनेसवर आधारलेले उपचार. मराठीत आम्ही त्याला 'सजगता' म्हणतो. हा शब्द अलीकडे फार स्वस्त झालाय, मोबाइलच्या अॅपपासून जाहिरातीपर्यंत कुठेही भेटतो. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मन शांत करण्याची ही युक्ती नव्हे. कधी कधी मन शांत होतं, तो वरकड फायदा. मूळ काम वेगळं आहे, आणि ते समजायला आपल्याच जिल्ह्यातून सुरुवात करू.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. एक मोठा भूकंप नाही, लहान लहान धक्क्यांची रांगच. यंत्रांवर हजारो धक्के नोंदले गेले, त्यातले काही ४ च्याही वर होते. लोक ऐन थंडीत घराबाहेर, तंबूत झोपले. तिकडच्या माणसांशी बोलताना एक गोष्ट आमच्या कानावर सारखी यायची : धक्का दोन सेकंदांचा, पण रात्र सगळी जाते. रस्त्यावरून ट्रक गेला, मांजराने भांडं पाडलं, की माणूस उठून अंगणात. भूकंप जमिनीत थांबलेला असतो, शरीरात नाही.

इथे बोईसरलाही ते धक्के जाणवलेत. शिवाय आपल्याकडे भोंगा आहे, वायूचा वास आहे. रात्री कुठे मोठा आवाज झाला की घरोघरी फोन सुरू होतात, "तुझ्या कंपनीत का रे?" फोन लागेपर्यंतची ती पाच मिनिटं इथल्या प्रत्येक घराला माहीत आहेत.

त्या पाच मिनिटांत शरीरात काय होतं? मेंदूला धोक्याचा संशय आला की मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींना निरोप जातो. अॅड्रेनलिन सुटतं. ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, पचन मागे पडतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं आणि साखर वापरायला काढून देतं. ही व्यवस्था उत्तम आहे, तिच्याशिवाय आपण कधीच संपलो असतो. घोळ असा की शरीराला खरा भोंगा आणि आठवलेला भोंगा यांतला फरक फारसा कळत नाही. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या "उद्या कॉन्ट्रॅक्ट संपलं तर?" हा विचार आला, तरी ग्रंथी इमानदारीने आपलं काम करतात. दिवसातून एकदा वाजण्यासाठी बनवलेला भोंगा दिवसातून पन्नासदा वाजतो. मग मान धरते, पोट बिघडतं, घरात आवाज चढतो.

म्हणजे त्रासाचे दोन थर झाले. एक, जे घडलं ते. दुसरा, त्यावर मनाने चढवलेला. जुन्या बौद्ध ग्रंथांत यासाठी दोन बाणांचा दाखला आहे : पहिला बाण बाहेरून लागतो, दुसरा माणूस स्वतःच मारून घेतो. सजगतेचा उपचार दुसऱ्या बाणावर आहे. पहिल्यावर नाही. हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवा, आम्ही त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता एक गंमत. ही कल्पना अमेरिकेतून आली असं आपल्याला वाटतं. खरं तर तिच्या सगळ्यात जुन्या गोष्टींपैकी एक आपल्याच रेल्वे लाइनवरची आहे. नालासोपाऱ्याचं जुनं नाव शूर्पारक, पालीत सुप्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या स्तूपाचं उत्खनन केलं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याचाच. पाली साहित्यात या सोपाऱ्याचा बाहिय नावाचा एक माणूस येतो. समुद्रकाठी राहणारा, झाडाच्या सालीची वस्त्रं नेसणारा, लोकांत मोठा मान असलेला. आपण पोचलेले आहोत की नाही, अशी शंका त्याला येते आणि तो थेट श्रावस्तीला जातो. बुद्ध भिक्षेला निघालेले. हा रस्त्यातच अडवून शिकवण मागतो. दोनदा नकार मिळाल्यावर तिसऱ्यांदा जी शिकवण मिळते, तिचा मथितार्थ इतकाच की डोळ्यांना दिसतं त्याला दिसण्यापुरतं ठेव, कानावर पडतं त्याला ऐकण्यापुरतं, आणि त्यावर स्वतःची गोष्ट रचू नकोस. आज थेरपिस्ट आठ आठवडे जे शिकवतो, त्याचं बी यात आहे. सोपाऱ्याच्या माणसाला ते रस्त्यात उभ्या उभ्या मिळालं. आपल्याला जरा जास्त वेळ लागतो.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९६९ हे वर्ष आपण तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं म्हणून लक्षात ठेवतो. त्याच वर्षी सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून आले आणि मुंबईत त्यांनी पहिलं विपश्यना शिबिर घेतलं. १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. तिकडे अमेरिकेत जॉन कबात-झिन या जीवशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात एक वर्ग सुरू केला. झेन आणि विपश्यना त्यांनी स्वतः केलेली होती, पण वर्गात धर्म, मंत्र, गुरू काहीच ठेवलं नाही. रुग्ण कोण? तर ज्यांच्या दुखण्यावर डॉक्टरांनी हात टेकले होते असे. १९८२ मध्ये त्यांनी जुनाट वेदना असलेल्या ५१ रुग्णांचे निष्कर्ष छापले, आणि बऱ्याच जणांची वेदना लक्षणीय कमी झाल्याचं दिसलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तेवढ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. पण दार उघडलं.

वर्गात असतं काय? आठ आठवडे, दर आठवड्याला साधारण दोन-अडीच तास, गट वीस-पंचवीस जणांचा, आणि रोज घरी पाऊण तासापर्यंत सराव. मध्ये एक दिवस मौन. पहिल्या तासाला एक मनुका हातात देतात आणि ती खायला पाच-दहा मिनिटं लावतात. आम्ही मनुकेऐवजी चिकूची फोड देतो. घोलवडचा चिकू शेजारी असताना मनुका कशाला? साल बोटांना कशी लागते, वास कुठे पोचतो, तोंडात ठेवल्यावर चावायच्या आधीच लाळ कशी सुटते, हे बघायचं. एका गटात एक काका म्हणाले, "माझी वाडी आहे, चाळीस वर्षं चिकू खातोय, आतला कणीदारपणा आज कळला." हसायला झालं, पण मुद्दा तोच आहे. आपण बहुतेक गोष्टी करत असताना तिथे नसतो.

दुसरा मोठा सराव शरीरभर लक्ष फिरवण्याचा. आडवं पडायचं, डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरू करून टाळूपर्यंत एकेक भाग नुसता जाणवून घ्यायचा. सैल करायचा नाही, सुधारायचा नाही. मन भटकतं. भटकलं हे कळलं की परत आणायचं. लोक म्हणतात, "सर, जमत नाही, मन पळतं." अहो, पळालेलं मन पळालंय हे कळणं, हाच व्यायाम. डंबेल खाली-वर होतो म्हणून दंड भरतो, एका जागी धरून ठेवला म्हणून नाही.

आता नैराश्याकडे येतो, कारण सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे आणि यंत्रणाही इथेच नीट दिसते. झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांना एक प्रश्न पडला होता. नैराश्य बरं झालेला माणूस पुन्हा पुन्हा का पडतो? त्यांच्या लक्षात आलं की अशा माणसाला साधी उदासी आली, जी तुम्हाला-आम्हाला पावसाळी दुपारी येते, तरी तिच्यासोबत जुने विचार अख्खे जागे होतात. "मी निरुपयोगी", "परत तेच सुरू झालं", "घरच्यांना माझा भारच". उदासीतून विचार, विचारांतून आणखी उदासी. गाय जशी गिळलेलं परत तोंडात आणून चघळते, तसा हा रवंथ. गाईला त्यातून पोषण मिळतं, माणसाला नाही.

त्यांनी कबात-झिनचा सराव घेतला, त्याला विचारांवरच्या उपचाराची जोड दिली. विचार खरा की खोटा याचा वाद घालायचा नाही. तो विचार आहे एवढं ओळखायचं. 'मी निरुपयोगी आहे' आणि 'मी निरुपयोगी आहे असा विचार आत्ता आलाय', या दोन वाक्यांत फक्त तीन-चार शब्दांचा फरक आहे, पण दुसरं वाक्य म्हणणारा माणूस नदीत नसतो, काठावर असतो.

२००० साली त्यांची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, १४५ रुग्णांची. ज्यांना पूर्वी तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांना साधारण वर्षभरात ते पुन्हा आलं. वर्ग केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के. ज्यांना दोनदाच येऊन गेलं होतं त्यांच्यात मात्र काही फायदा दिसला नाही. आम्हाला हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. ज्याची चघळण्याची सवय मुरलेली, त्याला उपयोग. ज्याला बाहेरच्या एखाद्या आघाताने नैराश्य आलं, त्याला कमी. म्हणजे औषध नेमकं कुठे लागतं ते कळलं. ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शिकेत २००४ पासून वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी याची शिफारस आहे. पुढे २०१६ मध्ये नऊ चाचण्यांतल्या १२५८ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा फरक पहिल्याएवढा मोठा नव्हता, पण टिकला : ३८ टक्के विरुद्ध ४९ टक्के.

चिंतेबद्दल एक चाचणी सांगण्यासारखी आहे. २७६ रुग्ण, निम्म्यांना आठ आठवड्यांचा वर्ग, निम्म्यांना एसिटालोप्राम ही नेहमी वापरली जाणारी गोळी. दोन्हींचा गुण जवळपास सारखा आला. गोळीच्या गटात दुष्परिणाम बरेच जास्त. मात्र गोळी घ्यायला अर्धा मिनिट लागतो आणि सरावाला रोज पाऊण तास, हेही खरं. दोन मुलं, सासूबाई आणि बारा तासांची ड्यूटी असलेल्या बाईला पाऊण तास कुठून आणायचा, ते संशोधक सांगत नाहीत. आम्ही तिला तीन मिनिटांचा सराव देतो : एक मिनिट आत काय चाललंय ते बघ, एक मिनिट श्वास, एक मिनिट सगळं शरीर. दिवसातून तीनदा. हा पूर्ण उपचार नव्हे, पण शून्यापेक्षा बरा.

शरीराच्या दुखण्यांत कंबरदुखीचा पुरावा चांगला आहे. २०१६ मधल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ३४२ लोक होते. सहा महिन्यांनी, रोजच्या हालचालीत ठळक सुधारणा झालेले वर्गात ६० टक्क्यांच्या आसपास, नेहमीच्या उपचारांवर ४४ टक्के. विचारांवरच्या उपचाराचा गट वर्गाच्या जवळपासच. मणका तोच राहिला. बदललं ते असं की कळ आली की "आता मी कामातून गेलो" म्हणून अख्खं शरीर आवळून घेणं कमी झालं. सोरायसिसच्या ३७ रुग्णांवरचा १९९८ चा एक छोटा अभ्यास आहे. प्रकाश-उपचार घेताना ध्यानाची टेप ऐकणाऱ्यांची त्वचा लवकर साफ झाली. छोटा आहे, म्हणून जपून. आणि रसायनाने हात सोलले असतील तर आधी हातमोजे, मग त्वचेचे डॉक्टर, ध्यान त्यानंतर.

रक्तदाब, हृदयविकार? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये इतकंच म्हटलं की औषध, व्यायाम, तंबाखू सोडणं यांच्या जोडीला ध्यान करायला हरकत नाही. जोडीला. वजन कमी होतं, प्रतिकारशक्ती दुप्पट होते वगैरे कुणी सांगत असेल तर त्याला दुरून नमस्कार करा. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला, झोप आणि वजनाबाबत अपुरा किंवा कमकुवत. व्यायामापेक्षा किंवा औषधापेक्षा ध्यान सरस ठरलं नाही. ब्रिटनमध्ये शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांना शिकवून पाहिलं, २०२२ मध्ये निकाल आला, विशेष फायदा नाही. सरसकट सगळ्यांना पाजण्याचा हा काढा नव्हे.

आमची एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. सुरुवातीच्या एका गटात एक तरुण ऑपरेटर होता. आम्ही म्हटलं, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. तिसऱ्या मिनिटाला तो घामाने भिजून उठला आणि बाहेर गेला. नंतर कळलं की काही वर्षांपूर्वी तो वायुगळतीत सापडला होता. त्याची सगळी भीती श्वासातच होती आणि आम्ही त्याला डोळे मिटवून नेमकं तिथेच नेऊन बसवलं. त्या दिवसापासून आम्ही आधी विचारतो. ज्याला श्वास नको, त्याने पायांचे तळवे जमिनीला कसे टेकलेत ते बघावं, डोळे उघडे ठेवावेत, पंख्याचा आवाज ऐकावा. तो मुलगा पुढे तळव्यांवरच शिकला. ध्यानाने कुणाला कधी त्रास होत नाही, हे खरं नाही. काही लोकांची चिंता वाढते, जुन्या आठवणी उसळतात. शिकवणाऱ्याला हे माहीत हवं.

आणि आता पहिला बाण. काही काळापूर्वी एका कारखान्याने आम्हाला बोलावलं. नाव सांगत नाही. अपघात झाला होता, कामगार घाबरलेले, 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं सत्र हवं होतं. आम्ही गेलो, बोललो, तीन मिनिटांचा सराव घेतला. शेवटी मागच्या रांगेतून एक जण उभा राहिला. "साहेब, तुम्ही सांगितलं ते पटलं. पण तो व्हॉल्व्ह अजून गळतोय. त्याच्याकडे सजगपणे बघत बसू का?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो बरोबर होता. त्याची भीती हा दुसरा बाण नव्हताच, ती पहिल्या बाणाची अचूक खबर होती. ती खबर शांत करणं म्हणजे भोंग्याची वायर कापणं. आम्ही व्यवस्थापनाला लेखी कळवलं की दुरुस्तीआधी पुढचं सत्र घेणार नाही. पुढचं सत्र झालं नाही. दुरुस्ती झाली की नाही, ते आम्हाला कुणी कळवलं नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर सगळ्यात वर होतं, १०० पैकी ९३.६९. परीक्षेत एवढे मिळाले असते तर पेढे वाटले असते. ही हवा आणि हे पाणी कुठल्याही ध्यानाने स्वच्छ होत नाही. मात्र एक अनुभव आहे. रवंथ कमी झालेला माणूस गप्प बसत नाही, उलट नीट बोलतो. आमच्या गटातल्या एका ताईंनी वासाबद्दल तक्रार करायचं दोन वर्षं मनात घोळवलं होतं. सहाव्या आठवड्यात त्यांनी ती लिहिली, तारीख-वेळेसकट, एका पानात. आधीच्या कच्च्या प्रती अकरा पानांच्या होत्या म्हणे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सराव सुरू केला तर गोळ्या बंद करता येतील का?

स्वतःहून नाही. नैराश्याची गोळी अचानक थांबवली तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होतात आणि आजार उलटू शकतो. सराव सुरू करा, सहा महिने-वर्ष स्थिर राहा, मग डॉक्टरांशी बोला. कमी करायची की नाही आणि किती सावकाश, हे ते ठरवतील. आणि आत्ता नैराश्य खूप तीव्र असेल, उठवत नसेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी उपचार, वर्ग नंतर. तेव्हा 'स्वतःच्या मनाकडे बघ' हा सल्ला जड होतो.

प्रश्न : दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जावं की हा वर्ग करावा?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. शिबिरात दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं असतं, पूर्ण मौन, आणि ती एक साधना आहे. हा वर्ग आजाराचा विचार करून बेतलेला आहे, रोज घरी परत जायचं असतं, अडचण आली तर त्याच आठवड्यात बोलता येतं. प्रकृती ठणठणीत असेल आणि ओढ असेल तर शिबिराला अवश्य जा. गंभीर मानसिक आजार असेल किंवा होऊन गेला असेल तर तिथल्या अर्जात ते खरं खरं लिहा. लपवून गेलेल्यांना त्रास झालेला आम्ही पाहिलाय.

प्रश्न : मिस्टरांना खूप राग येतो, नाइट करून आले की घरात कुणी बोलायची सोय नाही. ते इथे कधीच येणार नाहीत. मी काय करू?

ताई, पहिलं म्हणजे ते मारत असतील तर हा विषय ध्यानाचा नाही, तुमच्या सुरक्षेचा आहे. आत्ता सगळ्यांसमोर सांगू नका, नंतर बाजूला बोलू. तसं नसेल, तर झोपेपासून बघा. नाइटनंतर खिडकीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, येताना उन्हात टोपी किंवा गॉगल, शिफ्टच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा नाही. झोप भरली की अर्धा राग तसाच उतरतो. वर्गाला आणायची घाई करू नका, 'तुम्हाला याची गरज आहे' असं तर अजिबात म्हणू नका. तुम्ही स्वतः या. आणि १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर लिहून घ्या. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. आजारी माणसानेच फोन करायला हवा असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो.

डहाणू लोकल ज्यांना पकडायची आहे त्यांनी निघायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी मागच्या टेबलावर चिकू ठेवलेत.